वहिनींच्या वतीने मान्य

मी एक जुना ब्राउझर आहे, मित्रांनो; आणखी थोडे दिवस असेन. संगणकावर इंटरनेट बघायला तुम्ही जी खिडकी उघडता, ती मी.

या शिवणखोलीतल्या संगणकावर आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पान उघडतं," असं वहिनी गिऱ्हाइकांना सांगायच्या. घरातल्या इतरांकडे आपापले फोन होते. मी एकट्या वहिनींचा. बाह्यांचे, कॉलरचे नमुने त्या माझ्यात शोधत, आणि दुपारी सगळे आडवे झाले की आणखी काही शोधत. दुसऱ्या शहरात नाटकांचे कपडे शिवणारी मोठी कार्यशाळा होती. तिथे त्यांनी अर्ज केला होता. एकट्या बाईला मिळेल अशी खोलीही त्या बघत होत्या. "तुला काय कळतंय" हे नवऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांचा जीव विटला होता. खोल्यांच्या पानांवर त्या खुणा करून ठेवत. वेगळं मेलखातं काढलं होतं, त्याचा पासवर्डही माझ्याच पोटात होता.

पुढे मी थकलो. पानं अर्धवटच उघडायची. म्हणून एके सकाळी धाकटे भाऊजी मोठ्या हौसेने नवा ब्राउझर बसवायला बसले. पडद्यावर लांबलचक करार आला. वहिनी गिऱ्हाइकाच्या झग्याला टाचण्या लावत होत्या. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या, "भाऊजी, काय लिहिलंय ते वाचा तरी."

"अहो वहिनी, हे वाचत बसलो तर माझं लग्न राहून जाईल! कुणी वाचत नाही." त्यांनी 'मान्य आहे' दाबलं.

जुन्यातलं सगळं आणू का, असं नव्या ब्राउझरने विचारलं. "आण बाबा," म्हणत भाऊजींनी तेही दाबलं. मग त्याने खातं मागितलं. या घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं. घरात कसलं आलंय तुझं-माझं, असं सासरे अभिमानाने सांगत. भाऊजींनी तेच घातलं आणि माझ्या पोटातलं सारं घरातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. मला ते थांबवता येत नव्हतं. करारात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

संध्याकाळी सासरे फोन घेऊन शिवणखोलीत आले. "सूनबाई, ही एकटीसाठी खोली कुणाला हवीय गं?"

वहिनींचं मशीन थांबलं. पाठोपाठ नवरा आला. त्याच्या फोनवर वहिनींचं मेल उघडलेलं होतं. कार्यशाळेने त्यांना कामावर बोलावलं होतं. वहिनींनी तो निरोप अजून पाहिलाही नव्हता.

"मी कळवलंय त्यांना, घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही म्हणून," नवरा म्हणाला. "तुझ्याच नावाने लिहिलंय, म्हणजे वाईट दिसायला नको."

"मला खरंच माहीत नव्हतं, वहिनी," भाऊजी पुटपुटले.  वहिनींनी सुईत दोरा ओवला.

आता नवा ब्राउझर भराभर पानं उघडतो. वहिनी बाह्यांचे नमुने बघतात, तेवढंच. मला काढून टाकायचं ठरलं आहे. मित्रांनो, वाचल्याशिवाय 'मान्य आहे' दाबू नका, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. सांगतो. पण वहिनींनी ते बटण दाबलंच नव्हतं.