विहिरीतला माईक

पणजोबा पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून नाटकांची वर्दी देत फिरले. आजोबांनी सायकलवर भोंगे बांधून त्याच रस्त्यांवर नाव कमावले. बाबांनी रंगमंचावर माईक आणले आणि चाळीस वर्षे सांभाळले. त्या तिघांमागून या धंद्यात आली ती बाबांची धाकटी लेक. आपल्या हातून आवाज कधी गेला नाही, हा या घराचा तोरा होता.

आवाज एकदा गेला होता, हे फक्त घरातल्यांना ठाऊक होते. उघड्यावरच्या एका प्रयोगात, ऐन रंगात, बाबांनी माईकच्या वायरीची भलतीच पिन उपसली. कंपनीचे मालक हातात काठी घेऊन आत आले, तेव्हा एक तरुण नटी पुढे झाली आणि म्हणाली, "वायरीत पाय अडकला माझा." बाबांची नोकरी वाचली. नटीला मात्र पुढचे दोन हंगाम तबक घेऊन उभे राहण्यापलीकडे काम मिळाले नाही. "त्या बाईंचं देणं आहे आपल्यावर," असे बाबा अजूनही म्हणत आणि हातातला घास परत ताटात ठेवत.

त्या बाई आता पंचाहत्तरीच्या होत्या. मोकळ्या मैदानातला त्यांचा प्रयोग आज उतरत्या उन्हात टीव्हीवर थेट दाखवला जात होता. रंगमंचाच्या मधोमध लाकडी विहीर होती आणि सबंध दुसरा अंक बाई तिच्या कठड्याभोवती फिरत बोलणार होत्या. बिनतारी माईक टीव्हीवाल्यांच्या यंत्रांशी भांडून खरखरू लागले, तेव्हा विहिरीत माणूस बसवून त्याच्याकडून तारेचा माईक बाईंच्या रोखाने फिरवायचा, असे ठरले. त्या विहिरीत मावेल असा बांधा एकट्या धाकटीचाच होता.

"एकदा आत गेलात की बाहेर नाही हं, ताई," टीव्हीचे ध्वनिप्रमुख म्हणाले. "विहिरीच्या दाराला बाहेरून रंगमंचाच्या पायऱ्या लागणार आहेत."

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची. एक सेकंद जरी आवाज गेला, तरी वर्षाचं कंत्राट विसरायचं. मग माझ्याही हातात काही नाही."

त्या कंत्राटासाठी तिने दोन वर्षे उंबरे झिजवले होते.

बाहेरून पायऱ्या सरकल्याचा आवाज आला आणि दार बंद झाले. गुडघे हनुवटीला टेकलेले, नाकात ओल्या रंगाचा वास, आणि डोक्यावर काळ्या जाळीतून दिसणारा ताटाएवढा आभाळाचा तुकडा. पाऊण तासात एक पाय बधिर होऊन परक्याचा झाला. मानेवर मुंगळा चढला. तो कानापर्यंत जाऊन, विचार करून परत उतरला, पण तिने हात उचलला नाही. बाई डावीकडे गेल्या की माईक डावीकडे, उजवीकडे आल्या की उजवीकडे.

शेवटचे स्वगत सुरू झाले.

"तू येशील म्हणून मी..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

तालमीत इथे तीन श्वासांची जागा होती. धाकटीने श्वास मोजले. चार. पाच. कानातल्या हेडफोनमध्ये दिग्दर्शक हळूच म्हणाला, "वा! कॅमेरा दोन, चेहऱ्यावर जा." त्याला तो अभिनय वाटला. जाळीतून मात्र बाईंची हनुवटी थरथरताना दिसत होती. काल तालमीतही बाई अशाच वाक्य विसरल्या होत्या, आणि बाहेर कोणीतरी म्हणाले होते, "आज झालं तसं उद्या झालं, तर म्हातारीला नमस्कार करून घरी पाठवायचं."

सहा.

पुढचे वाक्य धाकटीला तोंडपाठ होते. पण ती कुजबुजली असती, तर माईकने ते घराघरांत पोहोचवले असते. बाई वर अडकल्या होत्या, ती खाली, आणि दोघींच्या मध्ये तो माईक जागा होता.

तिने पिन उपसली.

मैदानभर खाड्कन आवाज झाला. हेडफोनमध्ये कल्लोळ उठला: "आवाज गेला! विहीर, ए विहीर, काय करताय?"

"बाई," ती मोठ्याने म्हणाली, "'दिवा नाही लावला, दार उघडं ठेवलं.'"

वरून डोळे खाली वळले. बाई कसलेल्या होत्या; त्यांनी लागलीच ओठ हलवले, म्हणजे बोलणे चालूच आहे असे लोकांना दिसावे. धाकटीने पिन बसवली आणि बाईंनी वाक्य पहिल्यापासून घेतले, अगदी स्वच्छ, शेवटच्या शब्दापर्यंत. टाळ्या थांबेनात.

पायऱ्या हटल्या, तेव्हा दाराशी ध्वनिप्रमुख उभे होते. "काय झालं, ताई?"

मागून बाई लगबगीने आल्या. "अहो, तिचा काही दोष..."

"वायरीत पाय अडकला माझा," धाकटी म्हणाली.

बाई जागच्या जागी थबकल्या. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

"मग कंत्राट गेलं," ध्वनिप्रमुख मान खाली घालून म्हणाले आणि निघून गेले. बाईंनी पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी बाहेर ओढले. तिचा बधिर पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत हात सोडला नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"टीव्हीवर ऐकलं मी. पाय अडकला तर असा आवाज होत नाही. हातानं काढलीस ना पिन?"

"हो, बाबा."

"बाईंसाठी?"

"हो."

मग ते म्हणाले, "फिटलं गं, पोरी. सगळं फिटलं. ये आता घरी. जेवायचा थांबलोय."