एस्थरची लिस्बनची सुट्टी

आयरीन लोपीस बावीस वर्षं दोह्यात नर्स होती, त्यातली अकरा कॅन्सरच्या वॉर्डात. हात हलका, जीभ धारदार. पेशंटचे नातेवाईक टाळाटाळ करायला लागले की ती तोंडावर सुनवायची, "मुलं परदेशात आहेत ना? मग आजच फोन करा. मागाहून रडून काय उपयोग?" किती घरांना तिनं असं वेळेवर जागं केलं, त्याला गणती नाही. आणि जानेवारीत तिच्याच नवऱ्याला, डग्लसला, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा हीच बाई तोंडाला कुलूप लावून बसली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण एकच, एस्थर. एकुलती एक पोर, जर्मनीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. फेब्रुवारीत तिची परीक्षा होती. "तिला कळलं तर पुस्तकं टाकून पहिल्या विमानानं येईल," डग्लस म्हणाला. "परीक्षा होऊ दे, मग सांगू." आयरीनला ते पटलं. एस्थरला सांगितलं की डॅडीच्या पित्ताशयात खडा आहे, काळजी करू नको.

परीक्षा झाली. एस्थरनं विचारलं, "मम्मी, सुट्टीत दोह्याला येऊ?"

आता तरी सांगायचं ना? पण नाही. आयरीननं रिपोर्ट पाहिले होते. अकरा वर्षांचा अनुभव तिला सांगत होता की माणूस जूनपर्यंत आहे. तोवर पोरीला दोन महिने हसू दे, एवढंच त्या आईच्या मनात होतं. ती म्हणाली, "इथं येऊन काय बघणार, आपल्या अल मन्सूरा वस्तीच्या त्याच गल्ल्या? मैत्रिणी चालल्यात ना फिरायला? तूही जा, युरोप बघून घे."

पोरगी निघाली. प्राग झालं, व्हिएन्ना झालं, बुडापेस्ट झालं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि साडेचारपासून हॉस्पिटलच्या खोलीत यांची धांदल उडायची. आयरीन डग्लसची दाढी करायची, नाकातली नळी काढायची, गाऊनवर निळा शर्ट चढवायची, उशीला घरचा अभ्रा घालायची. डोळ्यांतला पिवळेपणा दिसू नये म्हणून त्याला खिडकीकडे पाठ करून बसवायची. "मला नवरदेव करतेस की काय?" तो थट्टा करायचा, आणि दहा मिनिटं ताठ बसून राहायचा. पंचवीस वर्षं कंपनीच्या गोदामात काढलेला माणूस, घड्याळाचे मनोरे नि नदीवरचे पूल बघताना "अरे वा! अरे वा!" करत राहायचा. आईला इंग्रजीत उत्तरं देणारी एस्थर त्याच्याशी मात्र मोडक्यातोडक्या मराठीत बोलायची. फोन ठेवला की तो उशीवर कोसळायचा.

लिस्बनचं त्यानंच सुचवलं. "आपण वसईचे लोपीस. नाव तिकडून, पोर्तुगालातून आलंय. एखाद्या दुकानाच्या पाटीवर दिसतं का बघ." मग काय, ईस्टरच्या आठवड्यात एस्थर लिस्बनला पोचली.

त्याच सोमवारी सकाळी डग्लस अचानक म्हणाला, "आयरीन, एस्थरला बोलाव."

"फिरतेय ती. फिरू दे. ईस्टर झाला की बोलावते."

बुधवारी त्यानं तिचं मनगट धरलं. "बोलावलंस?"

त्या दिवशी बीपी बरं होतं, लघवीही झाली होती. अजून दोन आठवडे तरी आहेत, आयरीननं मनाशी ठरवलं. ईस्टरनंतरच्या सोमवारचं तिकीट काढून द्यायचं आणि दोन दिवस आधी पोरीला सांगायचं. म्हणून ती म्हणाली, "हो, येतेय ती."

त्यानं उशी उंच करून घेतली आणि तोंड दाराकडे केलं. कुणीही आत आलं, झाडूवाला आला तरी त्याची मान वर व्हायची. वॉर्डातली मैत्रीण आंद्रिया तिला बाजूला घेऊन म्हणाली, "आयरीन, वेडी आहेस का तू? लाव फोन!" आयरीन म्हणाली, "उद्या लावते."

गुरुवारी सकाळी दहा वाजता डग्लस गेला.

एक वाजता आयरीन कॉरिडॉरमध्ये कागदांवर सह्या करत होती. पर्समध्ये डग्लसचा फोन वाजायला लागला. पाच वाजायला चार तास होते, पण पोरीला दम निघाला नसणार.

"डॅडी! डॅडीला दे! मम्मी, सापडलं!" कॅमेरा गरकन फिरला. चढणीची गल्ली, निळ्या फरशांची भिंत, एक छोटी बेकरी, वर पाटी: लोपीस. आतून पिठाच्या हातांचा एक म्हातारा बाहेर आला आणि हसून हात हलवू लागला. "मी त्यांना सांगितलं, माझे डॅडी पण लोपीस. ते म्हणतात, मग भाऊच की! डॅडी, बघितलं का?"

आयरीननं तिला थांबवलं नाही. पोरीनं बेकरी दाखवली, भट्टी दाखवली, गल्लीच्या टोकाची नदी दाखवली. आणखी एक मिनिट हसू दे देवा, एकच मिनिट, असं ती मनात म्हणत राहिली.

"मम्मी, डॅडी कुठेत?"

मग मात्र तिनं सांगितलं. खड्याचं खोटं, जानेवारी, रिपोर्ट, आजची सकाळ, सगळं. इतरांच्या घरी सांगताना तिचा आवाज कधी हलला नव्हता. आज वाक्यं पुरी होईनात. फोनवर नुसते गल्लीतले दगड दिसत होते.

मग एस्थर बोलली. इंग्रजीत नाही, मराठीत. "डॅडीनं मला बोलावलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर पोरीला जन्मभर सुखानं झोप लागली असती. आयरीनलाही ते कळत होतं. पण तीन महिने खोटं बोलून तिचं तोंड विटलं होतं.

"हो, माझी बाय. दोनदा."

"मग तू काय सांगितलंस?"

"येतेय म्हणून सांगितलं."

"मग त्यांनी वाट बघितली?"

"हो," आयरीन म्हणाली.