यंत्रावरची करणी

"चालली! बदकं चालली!"

भर दुपारी पाक हर्जान्तोंच्या, म्हणजे हर्जान्तोसाहेबांच्या, स्टुडिओत मिट्ट काळोख होता आणि त्या काळोखात अख्खी आळी कोंबलेली होती. खिडक्यांना काळी कापडं लावलेली, पंखे बंद, मोबाइल बंद, उदाच्या धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. जागा होता तो फक्त मोठा पडदा. त्यावर बदकांची पलटण डौलात चालत होती. गेले कित्येक दिवस हीच बदकं दर दोन पावलांना गचका खात होती. आता एकही अडखळत नव्हतं. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी हात जोडले, पाक हर्जान्तोंच्या बायकोने तर चक्क डोळे पुसले, आणि ते धुरामुळे नव्हे.

पडद्यासमोर मांत्रिक 'की सब्दो' मांडी घालून बसले होते. डोक्याला ब्लांगकोन, म्हणजे रेशमी जावानी पगडी, बोटात अंगठ्या, आवाजात मध.

"साधं दुखणं नव्हतं हे," ते म्हणाले. "या कार्डात जुन्या मालकाचा जीव अडकला होता. चौसष्ट बिटांचा आत्मा! उच्च दाबाचा! म्हणून मी पाती गेनी सांगितली. सगळी आग, सगळे दिवे विझवायचे, एक आजारी यंत्र तेवढं जागं ठेवायचं. मग आत्म्याला लपायला सावली उरत नाही."

मागे भिंतीला टेकून, स्टुडिओतली यंत्रं सांभाळणारी वेनिंग हे ऐकत होती. चौसष्ट बिटांचा आत्मा! बत्तीस बिटांचा असता तर काय, निम्म्या दक्षिणेत गेला असता? पण ती हसली नाही. तिला हसायचं तोंडच नव्हतं, कारण कार्ड तिनेच बसवलं होतं आणि बदकं तिला सुधारता आली नव्हती.

जावा बेटावरच्या योग्याकार्ताच्या त्या आळीतला हा एवढासा कार्टून स्टुडिओ. सगळी यंत्रं लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारी. पाक हर्जान्तोंना लिनक्स आवडायचं ते फुकट म्हणून, वेनिंगला ते आतून उघडून बघता येतं म्हणून. वाहिनीला बदकांची मालिका द्यायची होती, जुन्या ग्राफिक्स कार्डाला काम झेपेना, म्हणून कुणाचं तरी वापरलेलं पण दणकट कार्ड आणलं. वेनिंगने ते बसवलं, आणि त्या क्षणापासून पडद्यावरचं सगळं अडखळू लागलं. खिडकी सरकवा, गचका. चित्र चालवा, गचका. तिने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, लिनक्सचं जुनं रूप लावून पाहिलं, नवं लावून पाहिलं, कार्ड उपसून पुसून परत बसवलं. घाईघाईत एका वेळी चार-चार गोष्टी बदलल्या आणि कशानेच फरक पडला नाही. शेवटी पाक हर्जान्तोंचा धीर सुटला आणि त्यांनी की सब्दोंना बोलावणं धाडलं.

"मास्तर, आता परत नाही ना होणार?" पाक हर्जान्तोंनी काकुळतीने विचारलं.

की सब्दोंनी डोळे मिटले. "आत्मा गेला. पण तो आपणहून आला नव्हता. पाठवलेला होता."

सगळे पुढे सरकले.

"मला दिसतंय... बाई आहे. एकटी. तुमच्या दारापाशीच बसते. हातात पळी..."

सगळ्यांच्या माना एकदम फाटकाकडे वळल्या. फाटकाशी म्बोक गिनेमची गुदेगची गाडी होती. फणसाची भाजी, भात आणि अंडं. वीस वर्षं ही आळी तिच्या हातची न्याहारी करून कामाला जात होती. म्बोक म्हणजे सगळ्यांचीच म्हातारी मावशी, नवरा नाही, मुलगी दूर पुर्वोरेजोला दिलेली.

की सब्दोंना हे कुठून 'दिसलं' ते वेनिंगला ठाऊक होतं. पूजेआधी ते शेजारच्या खोलीत चहा पीत होते. पाक हर्जान्तोंच्या बायकोला त्यांनी सहज विचारलं होतं, "बू, हल्ली कुणाशी वाजलंय का?" आणि बू अघळपघळ बोलत सुटल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना फाटकाचा कोपरा हवाय, म्हातारी हटत नाही, नवं कार्ड आलं त्या दिवशी 'एवढ्या महागाचं कशाला आणलंत' म्हणाली. बशीत जे वाढलं तेच मास्तरांनी चमच्याने परत भरवलं, आणि लोकांना तो प्रसाद वाटला.

दुसऱ्या दिवसापासून म्बोकची पातेली भरलेलीच राहू लागली. ज्यांना तिच्या भाताशिवाय सकाळ व्हायची नाही ते रस्त्याच्या पलीकडून मान खाली घालून जाऊ लागले. त्यात काम पुन्हा सुरू झालं आणि बदकं पुन्हा अडखळली. मग तर काय, आगीत तेलच.

"परत पाठवलंन् म्हातारीने!"

"मास्तरांची पाठ फिरली की हिचं सुरू!"

कुणीतरी तिची गाडी उलटवली. फणसाची भाजी गटारात गेली. आळीचे प्रमुख पाक त्रियोनो स्वतः तिच्याकडे गेले आणि गोड आवाजात म्हणाले, "म्बोक, तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतोय, तुम्ही थोडे दिवस मुलीकडे जा." ती म्हणाली, "मी काय केलंय ते सांगा, मग जाते." त्यावर ठरलं की शुक्रवारी की सब्दो पुन्हा येतील, म्बोकला सगळ्यांसमोर मंतरलेलं पाणी पाजतील, आणि तिने कबूल करायचं. कबूल करून आळी सोडायची. कबूल केलं नाही तर काय, हे कुणी बोललं नाही. जावामध्ये करणीच्या नुसत्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

वेनिंगला रागाने अन्न गोड लागेना. पण नुसता राग म्बोकच्या काय कामाचा? बदकं त्या दुपारी खरोखर चालली होती, हे तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे त्या बावळट काळोखात काहीतरी बदललं होतं. मंत्राने नाही, मग कशाने?

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी स्टुडिओत गेली, आणि या खेपेला घाई केली नाही. एका वेळी एकच गोष्ट. खिडक्यांना कापड लावलं, बदकं अडखळली. पंखा बंद केला, अडखळली. मोबाइल बंद केला, तेच. शास्त्राने पक्षपात करू नये म्हणून तिने ऊदसुद्धा जाळला. ठसका लागला, बदकं अडखळलीच. मग तिला आठवलं. पाती गेनीत एकही दिवा चालत नाही, म्हणून की सब्दोंनी टेबलावरच्या दुसऱ्या, जुन्या छोट्या पडद्याच्याही तारा उपसायला लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना त्या कुणीतरी जागच्या जागी लावल्या. तो पडदा इतकी वर्षं तिथेच होता, की त्याचा संशय घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

तिने त्याची तार उपसली. बदकं डौलात चालू लागली.

ती खुर्चीत बसली आणि आधी मनसोक्त रडली, मग असं का होतं ते शोधून काढून पुढच्या तयारीला लागली.

दुपारी आळी जमली. मधोमध म्बोक गिनेम हात मांडीवर ठेवून बसली होती, समोर पाण्याचा वाडगा. की सब्दो म्हणाले, "खिडक्या लावा."

"नका लावू," वेनिंग पुढे झाली. "मास्तर, आधी मी दोन मिनिटं घेते. उजेडातच."

"वेनिंग, हा काय पोरखेळ?" पाक हर्जान्तो ओरडले.

"पाक, बदकं तुमचीच आहेत. बघून घ्या." तिने चित्र चालवलं. बदकं अडखळू लागली. "पाक त्रियोनो, इकडे या. या छोट्या पडद्याची ही तार आहे ना, ओढा. मंत्र म्हणायचा नाही. हवं तर मला शिव्या द्या."

पाक त्रियोनोंनी कसनुसं हसत तार ओढली. बदकं सरळ चालू लागली. त्यांनी तार परत लावली, बदकं अडखळली. पुन्हा ओढली, सरळ. आता ते हसत नव्हते.

"पाहिलंत?" की सब्दोंनी हात वर केले. "माझी शक्ती या खोलीत अजून भरून आहे! ती या मुलीच्या हातून काम करतेय!"

"मग छानच," वेनिंग म्हणाली. "आता तार लावलेलीच ठेवा आणि तुमच्या शक्तीने चालवून दाखवा. दोन्ही पडदे जागे हवेत. म्बोक इथेच आहेत, पळून गेल्या नाहीत."

की सब्दोंनी डोळे मिटले, ओठ हलवले, पाणी शिंपडलं. बदकं गचके खात राहिली. मागून एक पोरगं फिस्सकन हसलं.

"चौसष्ट बिटांचा आहे, वेळ लागतो," की सब्दो पुटपुटले.

"वेळ नाही लागत," वेनिंग म्हणाली. "ऐका. हा मोठा पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र ताजं करतो, हा जुना साठच वेळा. आधीच्या कार्डात तेवढा दम नव्हता, म्हणून मोठाही साठावरच चालायचा आणि दोघांचं जमायचं. नव्या कार्डाने मोठ्याला आपोआप पूर्ण वेगावर नेलं. आपल्या यंत्रातली चित्र दाखवायची पद्धत जुनी आहे, ती दोघांना एकाच तालावर धरायला जाते. एका उखळात दोघी कांडताहेत, एकीचं मुसळ भरभर, दुसरीचं सावकाश. मुसळावर मुसळ आपटणारच! एकीला उठवलं की दुसरीचं सुरळीत चालतं. मास्तरांनी तेवढंच केलं, आणि ते करताहेत हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं."

मग ती यंत्रातून बाहेर पडली आणि परत आत जाताना, जिथे परवलीचा शब्द टाकतात तिथेच, जुन्या पद्धतीऐवजी नवी पद्धत निवडली. त्यात प्रत्येक पडदा आपापल्या तालावर चालतो. दोन्ही पडदे उजळले, बदकं दोन्हींवर सरळ चालू लागली. खिडक्या सताड उघड्या होत्या. पाण्याचा वाडगा तसाच भरलेला होता.

की सब्दोंनी सामान गोळा केलं. "आत्मा निघून गेलाय, माझं काम संपलं," म्हणाले आणि निघाले. कुणी अडवलं नाही. दारात एकाने वाकून त्यांच्या हाताला कपाळदेखील लावलं. बाकीचे एकेक करून सटकले. म्बोककडे कुणी बघितलं नाही. माफी मागायची असते, हे इतक्या जणांत एकालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्बोकने बोचकं बांधलं.

"आता कशाला जाता?" वेनिंग कळवळून म्हणाली. "सगळ्यांना कळलंय की तुमचा काही दोष नव्हता."

"त्यांना कळलं पोरी, आणि मलाही कळलं," म्बोक म्हणाली. "वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आणि एका दुपारचा धूर पुरला त्यांना. उद्या कुणाचं पोर तापाने फणफणलं, तर पुन्हा माझ्याकडेच बघतील."

ती पुर्वोरेजोच्या बसमध्ये बसली आणि गेली. तिच्या कोपऱ्यात आता गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या राहतात.

आणि आळी काय म्हणते? आळी म्हणते, "बघा, म्हातारी गेली आणि यंत्र एकदाही अडखळलं नाही. शेवटी मास्तर खरे निघाले." असं म्हणणारा जो कुणी भेटेल त्याला वेनिंग हाताला धरून स्टुडिओत आणते, यंत्रासमोर बसवते आणि जुनी पद्धत निवडते. बदकं गचके खाऊ लागतात. "म्बोक कुठे आहे?" ती विचारते. "पुर्वोरेजोला," तो पुटपुटतो. मग ती नवी पद्धत निवडते, बदकं सरळ चालू लागतात. "आता कुठे आहे?" काही जण खाली मान घालतात. काही जण म्हणतात, "तरीपण..."

त्या 'तरीपण'ला तिच्याकडे उपाय नाही. तो तुमच्या-माझ्याकडेच आहे. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, आणि कशाने फरक पडला ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ते कळेपर्यंत कुणा माणसाचं नाव तोंडातून काढू नका. बिघडलेलं यंत्र पुन्हा चालू करता येतं. घालवून दिलेली म्हातारी परत येत नाही.