मेलात अडकलेली माटोळी

मुळगावच्या सगुणची माटोळी विसर्जनाबरोबर उतरली होती, तरी यंदाचं बक्षीस तिलाच मिळणार याबद्दल त्याला शंका नव्हती. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट त्याने कांगणां, घागऱ्या, सुपारीचे घड अशा रानमेव्याने गच्च भरली होती. मधोमध स्वतःच्या परसातलं पपनस. स्पर्धेचा नियमच तसा होता: सगळं डोंगरातलं नाहीतर परसातलं, बाजारातलं काही नको. आणि फोटो आज संध्याकाळपर्यंत.

सगुणच्या मोबाइलवरच्या प्रत्येक फोटोत त्याचा अंगठा आला होता. चांगले फोटो पुतण्या गौरेशने काढले होते, आणि तो आता समुद्रातल्या तेलविहिरीवर, फोन न लागणाऱ्या जागी. त्याचा मेल मात्र आला होता. त्याने फोटो जोडले नव्हते, पत्रातच ओळींच्या मधे चिकटवले होते.

"फोटो दिसता, पण हाताक लागना!" सगुण संगणकासमोर नाचत होता. उजवं बटण दाबलं, तर यादीत सगळं होतं, फोटो सेव्ह करायचं सोडून.

शेवटी त्याने अख्खा मेलच स्पर्धेवाल्यांना धाडला. लगेच उत्तर आलं: 'फोटो वेगळा पाठवावा. कौटुंबिक मजकूर नको.'

"कसलो मजकूर?" बायकोने, विमलने, चष्मा लावला आणि वाचलं: "'काका, माटोळी एक नंबर. काकीच्या नेवऱ्या मात्र फोडूक हातोडो लागलो. तिका सांगू नकात.'"

"गेलो तो मेल," सगुण हळूच म्हणाला.

"म्हणजे माझ्यो नेवऱ्यो आता समितीत गेल्यो!" करंज्यांची ही बदनामी विमलला झोंबली.

मग सगुणने पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढला. त्यात माटोळी होती आणि काचेत उमटलेला, बनियनमधला सगुणही होता, बरोब्बर तिच्याखाली.

"गणपतीच्या जाग्यार तुमीच बसल्यात," विमल म्हणाली.

आता उपाय एकच उरला, आणि तो शेजारी राहत होता. कृष्णनाथ गेली तीन वर्षं बक्षीस मारत होता. त्याच्या माटोळीचा फोटो कधी धड दिसायचा नाही, पण फ्रेममध्ये घालून ओट्यावर टांगलेला असायचा. प्रतिस्पर्ध्याला घरी बोलवायचं म्हणजे सापाकडे औषध मागणं. सगुणने घड्याळ पाहिलं आणि गडग्यावरून हाक मारली.

कृष्णनाथ आला, खुर्चीत ऐसपैस बसला. "फोटो एकेक कित्याक ओढता रे? आख्खो मेलच वेब पान म्हणून सेव्ह कर. फोटो आपसूक वेगळ्या फोल्डरात पडतात."

केलं. फोल्डर उघडला. आत गौरेशच्या कंपनीचं बोधचिन्ह, एक हसरं पिवळं तोंड आणि माटोळी!

"मिळाली गो! मिळाली!" सगुणने विमलचे दोन्ही हात धरून तिला गरकन फिरवलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच. मेलात खेळायच्या पत्त्याएवढी दिसणारी माटोळी कृष्णनाथने पडदाभर केली. पानावरचं पाणीसुद्धा दिसत होतं. पपनस तर डोक्याएवढं झालं.

त्या पपनसावर एक गोल निळा स्टिकर होता. दुकानाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

सगुणचं नाचणं थांबलं. त्याने विमलकडे पाहिलं.

"परसातलां आतून किडलेलां," ती म्हणाली. "तुमी डोंगरार होतात. म्हापशाहून आणलां. स्टिकर मागच्या बाजून केलो होतो, फिरलो आसतलो."

पाच वाजायला आले होते. दुपारभर जो फोटो हाताला लागावा म्हणून जीव टाकला, त्याच्याकडे बघून सगुणने घसा खाकरला.

"कृष्णनाथा... ह्यो ल्हान कसो करतत?"

कृष्णनाथने कशाला म्हणून विचारलंही नाही. बोटं सरसर फिरली, फोटो तिकिटाएवढा झाला, स्टिकर टिंबाएवढा पुसट झाला आणि नाहीसा झाला. जरा अंधुकही केला, न सांगता.

इतका सराईत हात बघून सगुणला कृष्णनाथच्या ओट्यावरच्या तीन फ्रेमा एकदम आठवल्या.

"चाय घेतलंस?" त्याने विचारलं. "नेवऱ्योय आसत."