शनिवारचं तेल

हवेच्या गेजची सुई अठ्ठावीस पौंडांवर येऊन थांबली, तसा रंभाजी गालातल्या गालात हसला. डावा टायर हवा धरून होता. उजवाही धरून होता. म्हणजे गाडी आवारातून निघणार, नगर ओलांडणार, करंजीच्या घाटापर्यंत सुखरूप जाणार. घाटात सडक तापलेली असली आणि वळणावर सगळा भार एका चाकावर आला, की मग व्हायचं ते होणार. एवढ्यासाठीच तर तो इतकी वर्षं थांबला होता.

"काय म्हनतोय टायर?" कारभारीने विचारलं. आप्पासाहेबांचा हा म्हातारा गडी तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन शेजारी उकिडवा बसला होता. शनिवार होता ना, आज त्याचं ठरलेलं काम.

"जवान हाय," रंभाजी म्हणाला. "तुझ्यापरीस जवान."

कारभारी बोळक्या तोंडाने खुदकन हसला. "असायचाच. एक शनवार चुकू दिला न्हाई मी. तूच सांगितलं हुतंस."

"व्हय, मीच," रंभाजी म्हणाला आणि गेज पुसून खिशात टाकलं.

देवळाली प्रवरेत त्या गाडीला सगळे बंगलागाडी म्हणत. दोन चाकांवर पत्र्याची अख्खी खोली. आत पलंग, खिडकीला पडदे, चूल मांडायला ओटा. जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. नगरला एक गोरा पाद्री तिच्यात राहायचा. मायदेशी जाताना त्याने ती विकायला काढली आणि आप्पासाहेबांनी घेतली. कशाला घेतली, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. उसाच्या वाहतुकीचे ट्रक होते, घर होतं, आवार होतं, मग बंगलागाडीही असावी! आणली आणि लिंबाखाली उभी केली. "एक दिवस हिच्यात गादीवर लोळत पाथर्डीला जाईन," असं येईल त्याला सांगत. तो एक दिवस काही उगवत नव्हता. गाडी जागची हलली नाही, पण टायरचं वय काही गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही. नक्षी शाबूत राहते, कड मात्र आतून म्हातारी होत जाते.

टायरवाल्यांना हे ठाऊक असतं. रंभाजीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तेल रबराला खातं.

गाडी आली त्याच सुमाराला आप्पासाहेबांना साडेसाती लागल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. ते शिंगणापूरला खेटे घालत होते, काळ्या आणि लोखंडी वस्तूला भिऊन वागत होते. तेव्हा हवा भरायला आलेला रंभाजी अगदी काळजीच्या सुरात म्हणाला होता, "आप्पासाहेब, काळं रबर, खाली लोखंडी चाक, अन् गाडी एका जागी उभी. शनवारच्या शनवारी देवाच्या नावानं टायरला तेल चोळा. नजर लागायची न्हाई, अन् रबर बी मऊ राहील." आप्पासाहेबांना ते एकदम पटलं. तेव्हापासून दर शनिवारी शिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी तिळाचं तेल निघालं, की त्यातली एक वाटी बंगलागाडीच्या टायरांना जायची. टायर असे चकाकायचे की येणाराजाणारा म्हणायचा, काल दुकानातून आणले वाटतं. रंभाजी शनिवारी मुद्दाम वाट वाकडी करून आवारावरून जायचा, ती चकाकी बघायचा आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खायचा.

कारण गहिनीनाथ त्याचा पाठचा भाऊ होता.

गहिनीनाथ आप्पासाहेबांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. पुढचा डावा टायर पार गेलेला, कडेतून दोरे बाहेर आलेले. रंभाजीने स्वतः सांगितलं होतं, हा टायर घाटात घालू नका. आप्पासाहेब म्हणाले होते, "एवढी खेप मार, मग बघू." गहिनीनाथने खेप मारली. करंजीच्या घाटात टायर फुटला आणि ट्रक दरीत गेला. मेला तो मेलाच, पण त्याचं मरणही आप्पासाहेबांनी त्याच्यापाशी राहू दिलं नाही. पोलीस पंचनाम्याला उतरले, तेव्हा चेपलेल्या केबिनमध्ये दारूची बाटली निघाली. ड्रायव्हर प्यालेला होता, मालकाचा काय दोष? मिटलं सगळं.

गहिनीनाथला दारूच्या वासाने उलटी यायची. हे गावाला माहीत होतं, तरी गावाने बाटलीवर विश्वास ठेवला. बाटली डोळ्यांना दिसली होती ना! विहिरीवर त्याच्या बायकोला, लंकाबाईला, बायका 'बेवड्याची बायको' म्हणू लागल्या, आधी मागून, मग तोंडावर. ती पाण्याला भर दुपारी जाऊ लागली, विहिरीवर कुणी नसताना.

रंभाजीने दरीत उतरून तो फुटलेला टायर वर आणला. सडकेवरच्या त्याच्या पंक्चरच्या दुकानापुढे बाभळीला टांगला. पंक्चरवाले टांगतातच एखादा जुना टायर, गिऱ्हाइकाला लांबून कळावं म्हणून. कुणाला काही वाटलं नाही. आप्पासाहेब रोज त्याच्यावरून जात, हात करत, आणि रंभाजी हात जोडून राम राम करी. त्याने डूख धरला होता, आणि डूख धरलेल्याने फणा काढायचा नसतो.

आज तो दिवस उगवला होता. निवडणूक तोंडावर आली होती आणि आप्पासाहेबांना पाथर्डीकडे आपला थाट दाखवायचा होता. आवारात कार्यकर्ते जमले होते, चहा चालला होता, जीपवर झेंडा लागला होता.

तेवढ्यात फाटकातून एक पांढरीशुभ्र अँबॅसॅडर आत आली.

"ही कुनाची?" रंभाजीने विचारलं.

"मालकांची. कालच आनली," कारभारी म्हणाला. "मालक हिच्यात बसून म्होरं जानार."

रंभाजीच्या हातातली नट आवळायची टामी तशीच राहिली. "अन् बंगलागाडीत?"

"सैपाकाच्या बाया. भांडी, पीठ, समदं त्येंच्यासंगं. गोरक्ष जीप हाकनार."

गोरक्षनाथ मागेच उभा होता. याच वर्षी लग्न झालेला, कामावर लागून महिनाही न झालेला. त्याने वाकून टायरवर अंगठा दाबला, मग नखाने कड खरवडली. नखात काळा, चिकट गाळ आला. त्याने तो बोटांत चोळून बघितला आणि थेट आप्पासाहेबांकडे गेला.

"मालक, टायर वरनं नवं दिसत्यात, पर मला बराबर वाटंनात. घाट हाय म्होरं."

आप्पासाहेब कार्यकर्त्यांशी बोलत होते. त्यांनी मान वळवली तीही अर्धीच. "आता ऐन वेळेला कुठं टायर शोधू? या मापाचे नगरात बी मिळत न्हाईत. एवढी खेप मार, मग बघू."

अक्षर न् अक्षर तेच. रंभाजीच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं त्याने मनात एक चित्र घोटून ठेवलं होतं: घाट, वळण, फुटलेला टायर आणि गादीवर लोळणारे आप्पासाहेब. त्या चित्रात दुसरं कुणी नव्हतं. आता आप्पासाहेब मोटारीत बसून घाट उतरून जाणार होते. मागे बंगलागाडी जीपला घेऊन दरीत जाणार होती, आणि उद्या जीपमध्येही एक बाटली निघणार होती. गोरक्षची बायको भर दुपारी पाण्याला जाणार होती. आणि हे सगळं रंभाजीच्या तेलाने.

आपला सूड या माणसाने आपल्या हातातून काढून घेतला, याचाच त्याला आधी संताप आला. खरं सांगायचं तर गोरक्षची दया नंतर आली.

तो उठला. "आप्पासाहेब, मी हवा बघितली. बराबर हाय."

"झालं तर मग."

"तवा तुमी आत बसा."

"म्हंजी?"

"बंगलागाडीत. गादी टाकलीया. लई वर्सांची तुमची हौस. मी बी बसतो तुमच्या पायाशी. घाट उतरूस्तवर दोघं बी बसू. मोटारीत बाया बसतील."

कार्यकर्ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. "बसा की, आप्पासाहेब!" कुणीतरी ओरडलं.

आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी टायरकडे पाहिलं, मग गोरक्षकडे, मग मोटारीकडे. "मला म्होरं जाऊन सभेचं बघायचं हाय," ते म्हणाले. "येडेपना करू नको."

"टायर चांगलं हायेत ना? मग भ्या कशाचं?"

"भ्या कुनाला हाय रे?"

"मग बसा."

आता कुणी हसत नव्हतं. आप्पासाहेब जागचे हलले नाहीत. रंभाजीने खिशातून ठिगळं कापायची सुरी काढली आणि खाली बसून डाव्या टायरच्या कडेत घातली. जोर लावावा लागलाच नाही. खरवसात जावी तशी सुरी आत गेली, फस्सकन हवा सुटली आणि बंगलागाडी एका बाजूला कलली. आतल्या ओट्यावरची भांडी धडाधड कोसळली.

"माझा चांगला टायर फाडला!" आप्पासाहेब ओरडले.

"चांगला न्हाई. सडलाय. बघा की." रंभाजीने चिरेत बोट घालून पापुद्रा ओढला, तो लगद्यासारखा हातात आला. "ह्यो तुमी गोरक्षला देत हुता. तसाच गहिनीनाथला दिला. सोता बसाया मातुर तुमचा पाय उचलंना."

"अरं, पर असा सडला कसा?" कारभारी कळवळून म्हणाला. वाटी अजून त्याच्या हातात होती. "मी दर शनवारी तेल चोळलं. तूच म्हनला हुतास, मऊ राहील म्हनून."

इथे रंभाजीला गप्प राहता आलं असतं. मला काय ठाऊक, असं म्हणाला असता तर कुणी त्याला काही विचारलं नसतं. पण आप्पासाहेबांना आपण काय केलं ते कळलंच नाही, तर तो सूड कसला?

"व्हय, मीच म्हनलो हुतो," तो म्हणाला. "तेल रबराला खातंय, ते ठावं हुतं म्हनून म्हनलो. आप्पासाहेब, तुमी आत लोळत असताना ही गाडी करंजीच्या घाटात जावी, याच्यासाठी मी वर्सानुवर्सं तुमाला राम राम घातला."

आप्पासाहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "ऐकलंत? समद्यांनी ऐकलंत? ह्यो मला मारायला निघाला हुता!"

"तुमाला. गोरक्षला न्हवं. मी माजं सांगितलं, आता तुमी तुमचं सांगा. गहिनीनाथच्या केबिनीत बाटली कुनी ठिवली?"

"बेवडा हुता तुझा भाऊ! त्याचीच बाटली! इचार या कारभारीला, ह्योच पयल्यांदा खाली उतरला हुता. सांग रे कारभारी!"

सगळे कारभारीकडे वळले. म्हाताऱ्याच्या हातात शनीच्या नावाचं तेल होतं. त्याने वाटीकडे पाहिलं. ती खाली ठेवावी म्हणून वाकला, पण देवाचं तेल भुईवर तरी कसं ठेवणार? तसाच अर्धवट वाकलेला राहिला. वाटी कलून तेल त्याच्या मनगटावरून ओघळू लागलं.

"सांग!"

"हातात त्याल हाय, मालक," तो म्हणाला. "आज शनवार हाय. आज कसं खोटं बोलू?"

त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली. "बाटली मी ठिवली. मालकांनी दिली, मी ठिवली. गहिनीनाथ त्या येळेला जित्ता हुता. पानी मागत हुता. माज्याकडं बाटली हुती, पर तिच्यात दारू हुती."

भाऊ जागच्या जागी गेला असंच रंभाजी धरून चालला होता. आप्पासाहेबांना पुढे काय बोलायचं ते त्याने शेकडो वेळा मनात घोळवलं होतं, त्यातला एक शब्द त्याला आठवेना. त्याने सुरी मिटली, पंप उचलला आणि तो आवाराबाहेर पडला. मागून आप्पासाहेब ओरडत होते, पण त्यांच्याभोवतीचे लोक एकेक करून फाटकाकडे सरकत होते.

आप्पासाहेबांना त्या निवडणुकीत उभं राहता आलं नाही. पोलीस मात्र त्यांच्या दाराशी गेले नाहीत. रंभाजीच्या दुकानाचंही व्हायचं तेच झालं. भावाची अब्रू परत आली, हे सगळ्यांना मान्य होतं. सगळे त्याला शाबास म्हणत. पण जो टायरवाला हसतहसत टायर सडवतो, त्याच्या हाती आपलं चाक कोण देणार? ट्रकवाले हात करत आणि पुढच्या दुकानावर थांबत. राहुरीच्या हमरस्त्यावर त्याची हवा एक नंबरची समजली जायची. तो नुसता बसून राहू लागला.

एका सकाळी लंकाबाई दुकानावर आली. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. डोक्यावर भरलेली घागर होती आणि ऊन अजून कोवळं होतं. पदर सावरून ती बाभळीपाशी थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यो टायर आता उतरवा."

"उतरवला तर दुकान वळखू कसं यील?"

"उतरवा."

रंभाजीने दोर सोडला. टायर खाली आला, घरंगळत जाऊन चरात आडवा पडला. बाभळीच्या खोडावर, टायर घासून घासून साल गेलेली, एक गोल खूण राहिली होती. लंकाबाईने घागर खाली घेतली. ओंजळीने पाणी घेऊन तिने ते त्या खुणेवर घातलं, मग उरलेली घागर सावकाश बुंध्यात ओतली.

रिकामी घागर कडेवर घेऊन ती पुन्हा विहिरीकडे वळली. विहिरीवर त्या वेळेला सगळ्या बायका असायच्या.