श्रीमधली फट

नक्षीदार मराठी अक्षरांच्या एका सॉफ्टवेअरच्या तक्रारी घरी बसून निस्तरणं हे माझं काम. लोकांच्या स्क्रीनवर वेलांट्या उडतात, जोडाक्षरं फुटतात आणि दोष अर्थातच माझा असतो.

मंगळवारी लग्नपत्रिका करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या नव्या वळणातलं 'श्री' मोठं केलं की उभ्या दांड्यात फट दिसते. लोकांच्या लग्नात तुटकं श्री छापू का आता?"

मी नेहमीचे उपाय सांगितले. फॉन्ट काढून पुन्हा टाका, स्क्रीनचा ड्रायव्हर अपडेट करा. फट काही जाईना. शेवटी माझ्याच स्क्रीनवर श्री मोठं केलं.

दांड्याच्या मधोमध केसाएवढी तिरपी फट. ती बाबांची होती. बाबा पूर्वी पत्रिकांसाठी हाताने अक्षरं काढायचे. छापखानेवाले न विचारता त्यांची नक्कल मारत, म्हणून ते प्रत्येक श्रीमध्ये मुद्दाम ही फट ठेवत. आपलं अक्षर कुठेही ओळखता यावं, एवढ्याचसाठी.

पण त्या अक्षरांचे सगळे कागद तर भिजून गेले होते! सदाशिव पेठेतल्या आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा सामान हलवायला माझा भाऊ आमोद गेला होता. "सगळ्याचा लगदा झाला, बाबा," हे त्यानेच येऊन सांगितलं. बाबा लहान मुलासारखे रडले आणि हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

मी त्या वळणाच्या फॉन्टची माहिती उघडली. अक्षरकार म्हणून आमोदचं नाव. ज्याच्या अक्षराला शाळेत रोज छड्या मिळायच्या, तो अक्षरकार!

वाघोलीला त्याला फोन लावला.

"अगं अवनी, पडूनच होते ते कागद. बाबांनी तुमच्या कंपनीला विकू दिले असते का? आणि ती फट तेवढी बुजवून टाक ना, तुझ्याच हातात आहे."

सख्खा भाऊ. मी फोन आपटला आणि लॅपटॉप उचलून बाबांसमोर ठेवला.

बाबांनी चष्मा सारखा केला. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"माझी अक्षरं! अगं, कुणाकडे होती?"

"आमोदकडे."

"त्याने जपून ठेवली होय!" ते कौतुकाने म्हणाले आणि स्क्रीनवरच्या त्या फटीवरून बोट फिरवू लागले. मग बोट थांबलं.

"मग मी रडत होतो, तेव्हा बोलला का नाही तो?"