दरडीच्या अलीकडे

मी गाडी बोलतेय. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून, पुढच्या चाकांच्या जागी विटा लावून उभी केलेली ती मीच. जाता-येता माझ्या टपावर कोपर टेकून गप्पा छाटणारे पुष्कळ आहेत, पण माझं ऐकायला कुणी थांबत नाही. तुम्ही थांबलात, तर सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. आधी एका ठेकेदाराच्या घरी गेले. त्याच्या बायकोचा माझ्यावर भारी जीव. सीटवरचं प्लॅस्टिक तिनं कधी काढूच दिलं नाही. पोरांनी बिस्किटाचा पुडा फोडला, की ती खाली उतरवून खायला लावायची. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि माझ्यावरची माया आटली. मला विकत घेतलं बापूंनी. बापू म्हणजे डोंगरातले टॅक्सीवाले. मिशी जाड, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच दिवशी ते प्लॅस्टिक टरकावून टाकलं. म्हणाले, "माणसं बसायची, तर माणसांसारखी बसू देत."

बापूंचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक नवी लग्नं झालेली जोडपी. मी इतकी वाहिली, की दार कोण आधी उघडतं यावरून मला कळायचं, घर कुणाच्या तालावर चालणार. काही चढतानाच भांडायची. काही दरीच्या काठावर फोटोपुरती हसायची आणि आत येऊन गाल फुगवून बसायची. बापू आपला आरसा वर सरकवून ठेवायचे. "आपलं लक्ष रस्त्यावर," म्हणायचे.

त्यातलंच एक जोडपं मला विसरता येत नाही. तो इमारतींचे नकाशे काढायचा. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. लग्न ठरवून झालेलं, ओळख जेमतेम. ती 'अहो' म्हणायची आणि तो चिडवायचा, "अगं, आता इथे आईबाबा नाहीत. अरे म्हण की." ती म्हणायची, "सवय होईल हळूहळू." मग दोघंही खिडकीबाहेर बघत हसायची.

पहिल्याच दिवशी ती दोघं टेकडीवरून दरी बघून परत आली. तो आत बसला आणि मला त्याच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. बारीक, ओढल्यासारखी. माझा हवेचा फिल्टर तुंबला की मीही अशीच चढावर धापा टाकते, त्यामुळे तो आवाज मी लगेच ओळखला.

"बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं.

"काही नाही, चढ होता. ऑफिसात बसून बसून पोट सुटलंय," तो म्हणाला.

तिला ते पटलं. न पटायला तिला त्याची माहिती तरी किती होती? आणि मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी बापूंनी त्यांना वरच्या तळ्यावर नेलं. लॉजमधल्या बंद खोलीची, ओलसर पांघरुणांची तक्रार ती करत होती. तो मध्येच खोकत होता. तळ्यावर धुकं इतकं दाट, की पाणी दिसलंच नाही. "चला, खाली जाऊन गरम चहा घेऊ," म्हणत त्यानंच घाई केली. दोन वळणं उतरलो आणि बापूंनी ब्रेक मारला.

समोर दरड कोसळली होती. माती, धोंडे आणि मुळासकट आलेलं झाड. रस्ताच दिसत नव्हता. आमच्या पुढे एक बस अडकली होती आणि बसचा ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून मातीकडे बघत होता. मागे वर फक्त तळं आणि चहाची टपरी. डॉक्टर, दवाखाना, सगळं दरडीच्या पलीकडे, खाली.

नेमका तेव्हाच त्याचा श्वास अडकायला लागला. आधी तो पुढे वाकून बसला, मग दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली. खांदे वर-खाली व्हायला लागले. ओठांचा रंग बदलला.

"अहो, काय होतंय? सांगा ना," ती त्याची पाठ चोळत म्हणाली.

तो तुटक तुटक बोलला, "दमा... आहे मला. लहानपणापासून."

"मग औषध कुठाय?"

"पंप... घरी."

"घरी? का?"

त्यानं मान खाली घातली. एवढ्याशा उत्तराला त्याला चार श्वास लागले. "तू बघशील म्हणून. आई म्हणाली... लग्न जमेपर्यंत बोलू नकोस. मग... जमल्यावरही राहूनच गेलं."

तिचा हात त्याच्या पाठीवर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

"श्वास घे," ती म्हणाली. "अरे, माझ्याकडे बघ. हळू सोड. हळू."

त्या वळणावर नशिबानं फोन लागत होता. बापूंनी खालच्या दवाखान्यात फोन केला. गाडी पलीकडे पाठवतो, पेशंटला आडवं करू नका, बसवूनच आणा, असं तिकडून सांगितलं. बसवून आणायचं म्हणजे कसं? चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि त्याला उभंही राहता येत नव्हतं.

माझी टाकी भरलेली होती. टायर नवे होते. इंजिन गरम होतं. त्याला दवाखान्याच्या दारात सोडणं ही एरवी माझ्यासाठी किस झाड की पत्ती. आणि मी तिथे ठोंब्यासारखी उभी.

बापूंनी डिकीतून पाने काढले. ड्रायव्हरच्या शेजारची माझी सीट त्यांनी बोल्ट सोडवून मुळापासून उपटली. बसचा ड्रायव्हर आणि तीन प्रवासी धावून आले. त्याला त्या सीटवर बसवलं, तिच्या ओढणीनं छातीशी बांधलं आणि चौघांनी चार बाजूंनी उचललं. बापू पुढे दगड चाचपत निघाले. ती त्याचा हात धरून बाजूनं चालत होती. चप्पल चिखलात राहिली, तिनं मागे वळून पाहिलं नाही.

धुक्यात ती सगळी दिसेनाशी झाली. नंतर फक्त आवाज येत राहिले, "सांभाळून, इकडून धरा, घसरतंय." मग तेही थांबले. माझं दार सताड उघडं होतं. आत धुकं शिरत होतं. तो जगला की नाही, हे मला सांगायला कुणी नव्हतं. मी कुणाला विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू आणि ती, दोघं चिखल तुडवत आली. तिला बॅगा घ्यायच्या होत्या. पायात दवाखान्यातल्या कुणाच्या तरी सपाता होत्या. बापू बस ड्रायव्हरला सांगत होते, "वाचला. ऑक्सिजन लावलाय. थोडा उशीर झाला असता, तर काही खरं नव्हतं." ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

ती मागच्या सीटवर येऊन बसली. फोन वाजला. सासूचा होता.

"हो आई, आता बरे आहेत. सकाळी चहा घेतला. तुम्ही रडू नका... नाही, मी ओरडत नाहीये." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मुलाच्या काळजीनं केलंत, कळतंय मला. पण आई, तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मी हो म्हटलं असतं की नाही, हे आता माझं मलासुद्धा कधी कळणार नाही. तेवढं तुम्ही माझं काढून घेतलंत."

तिनं फोन ठेवला आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मग रडली. माझ्याकडे एक जुनं फडकं सोडून तिला द्यायला काही नव्हतं, आणि तेही मला देता आलं नाही.

"ताई," बापू खिडकीशी येऊन म्हणाले, "वडिलांना बोलावू का तुमच्या? नंबर द्या."

"नको काका. आधी यांना घरी पोचवते. यांच्याशी काय बोलायचं ते तिथे बोलेन. आत्ता यांना बोलायलाही दम नाही. आजारी माणसाशी भांडता येत नाही, हीच तर अडचण आहे."

बॅगा उचलून ती गेली. रस्ता मोकळा व्हायच्या आधीच ती दोघं पलीकडूनच बसनं घरी गेली. बापू सोडायला गेले होते. नंतर सीट बसवताना मिस्त्रीला सांगत होते, "तो सारखं सॉरी म्हणत होता. ती नुसती हूं म्हणायची. पण नवा पंप तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स मांडीवर." पुढे त्यांचं काय झालं, ते बापूंना ठाऊक नाही. फोन करून विचारायची ही गोष्ट नव्हे.

आता बापूंनीही गाडी चालवणं सोडलंय. माझे आरसे, बॅटरी, पुढची चाकं दुसऱ्या गाड्यांना गेली. उरलेलं कधीतरी भंगारवाला नेईल. माझी तक्रार नाही.

एवढंच सांगते. तुम्ही कधी नवं माणूस घेऊन डोंगरात निघालात, तर जे सांगायचं ते घरातून निघण्याआधी सांगा. समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवून सांगा. मग खुशाल दार लावा आणि निघा.